बंडाबर्गची भिशी

मंगळवार, १ जुलै २०२५, ब्रिस्बेन

पहिला खर्च विमानतळावरच टाळला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ऑगस्ट २०२४ पासून सरकारी बस, लोकल आणि फेरीबोटीचं तिकीट सरसकट ५० सेंट आहे, जवळ जा नाहीतर लांब. फक्त विमानतळाची ट्रेन खाजगी. तिथं निम्मी सवलत धरूनही दहा डॉलरच्या वर मोजावे लागतात. मग मी टर्मिनलवरून फुकटची शटल घेतली, स्कायगेटच्या दुकानांपाशी उतरले, तिथून बस, पुढे लोकल. दीड तास जास्त गेला, पण वेळ माझ्याकडे ढीगभर होता.

त्याआधी कस्टमची रांग. फॉर्मवर 'खाण्याचे पदार्थ आहेत' या चौकटीत मी निमूट बरोबरची खूण केली होती. इथं लपवाछपवीचा दंड आपल्याला परवडणारा नाही. कांदा-लसूण चटणी, भडंग आणि मेतकूट बाईंनी हुंगून परत दिलं. आईनं कागदात बांधलेले मेथीदाणे मात्र कचऱ्यात गेले. बी म्हणजे बी, ते खायचं की पेरायचं यावर त्या वाद घालत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी ज्यावर आले तो ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (फिरता फिरता कामही करू देणारा), सबक्लास ४६२, भारतीयांना २०२४ मध्ये पहिल्यांदा खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण. आधी २५ डॉलर भरून सोडतीत नाव टाकायचं. चिठ्ठी निघाली तर व्हिसाचे पैसे (मी भरले तेव्हा ६५० डॉलर), आणि खात्यात ५,००० डॉलर असल्याचा पुरावा. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा आत्या म्हणाली, "भिशी लागली गं तुला." पुण्यातल्या नोकरीतून चार वर्षांत जे साठलं होतं, ते त्या भिशीत गेलं.

डॉर्ममधली वरची खाट, रात्रीचे ३८ डॉलर. गुणिले ५६, म्हणजे २,१२८ रुपये. रात्री भडंग खाल्लं आणि झोपले.

बुधवार, २ जुलै

कागदपत्रांचा दिवस. बँकेत खातं. सुपरमार्केटमध्ये ३० डॉलरचं सिम निम्म्या किमतीला लावलेलं, ते घेतलं. टीएफएन, म्हणजे इथला कर क्रमांक, त्याचा अर्ज वाचनालयातल्या फुकटच्या वायफायवर भरला. हा अर्ज कर खात्याच्या साइटवर फुकट असतो. तोच भरून द्यायचे पैसे मागणाऱ्या साइट शोधात सगळ्यात वर येतात, तिकडे जाऊ नका. क्रमांक टपालानं येतो. तो मालकाला वेळेत दिला नाही, तर पगाराचा जवळजवळ निम्मा करात कापला जाऊ शकतो.

दुपारी सिटीहॉपर फेरीत बसून नदीतून दोनदा चक्कर मारली. ती आधीपासूनच फुकट आहे. काठावर लोक कॉफी पीत होते. साडेपाच डॉलर. गुणिले ५६. मी बाटलीतलं पाणी प्याले.

गुरुवार, ३ जुलै, ब्रिस्बेन ते बंडाबर्ग

या प्रवासाचा मला अजून अभिमान आहे. शेतातल्या कामासाठी मला जायचं होतं ते बंडाबर्ग ब्रिस्बेनच्या उत्तरेला साडेतीनशेच्या वर किलोमीटर. लांब पल्ल्याच्या रेल्वेला ५० सेंटची योजना लागू नाही, पण लोकलचं जाळं उत्तरेकडे थेट गिम्पी नॉर्थपर्यंत जातं. तिथवरचा जवळजवळ तीन तासांचा प्रवास ५० सेंटमध्ये झाला. एवढ्या पैशांत कोल्हापूरहून एसटीनं मी शिरोळलाही पोचत नाही.

पुढचे दोनेकशे किलोमीटर दोन फ्रेंच पोरांच्या जुन्या व्हॅनमधून. हॉस्टेलच्या फळ्यावर त्यांनी चिठ्ठी लावली होती: नूसाहून बंडाबर्ग, एक जागा, पेट्रोलचे १५ डॉलर. गिम्पीच्या स्टेशनवर त्यांनी मला घेतलं. मागच्या गादीवर एक सर्फबोर्ड, एक गिटार आणि मी.

वाटेत चिल्डर्सला थांबलो. छोटं, एका रस्त्याचं गाव. २३ जून २००० ला मध्यरात्रीनंतर इथल्या पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला कुणीतरी आग लावली आणि १५ तरुण मुलं-मुली गेली. त्यांतली बहुतेक परदेशातून शेतावर कामाला आलेली होती. ती इमारत पुन्हा उभी केली आहे, आत त्यांचं स्मारक आहे. पोरं तोपर्यंत खूप बडबड करत होती, नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या रात्री बंडाबर्गच्या हॉस्टेलात मी सामान ठेवायच्या आधी बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे उघडून पाहिले. स्वस्त खाट शोधणाऱ्यांनी हे जरूर करावं.

चिल्डर्सच्या पुढे ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधून लाल मातीचे तुकडे, आणि रस्त्याला समांतर दोन फूट रुंदीचे इवलेसे रूळ. त्यावरून उसानं भरलेल्या जाळीच्या डब्यांची लांबच लांब गाडी चालली होती. मी खिडकीला नाक लावून बसले. आमच्याकडे गळीत दिवाळीच्या आसपास सुरू होतं, इथं जून-जुलैत. पण फडात माणूस नाही. एक यंत्र ऊस तोडतं, कांड्या करतं आणि शेजारून चालणाऱ्या गाडीत ओततं. कोयता नाही, मोळी नाही, पाचटात खेळणारी पोरं नाहीत. फ्रेंच पोरांना हे काय सांगणार! त्यांना बंडाबर्ग म्हणजे रम एवढंच ठाऊक.

शुक्रवार, ४ जुलै

इथल्या 'वर्किंग हॉस्टेल'ची रीत समजून घ्या, कारण पैसे वाचणं-बुडणं सगळं त्यात आहे. खाटही त्यांचीच, काम मिळवून देणारेही तेच, आणि शेतावर नेणारी व्हॅनही त्यांचीच. भाडं आठवड्याला २४५ डॉलर, आगाऊ. अनामत १५०. व्हॅनचे दिवसाला १० वेगळे. कामाची यादी मॅनेजर रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर लावतो. नाव असेल तर पहाटे सव्वापाचला उभं राहायचं. नसेल तर झोपायचं, भाडं चालूच.

आमच्या भागात बीडकडची ऊसतोड टोळी येते तेव्हा मुकादम तिला आधी उचल देतो आणि ती उचल फेडेपर्यंत टोळी बांधलेली असते. इथं गंमत उलटी आहे. इथं मजूरच मुकादमाला उचल देतो, आणि बांधलेलाही तोच असतो. त्यात दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक काम केल्याचं दाखवावं लागतं. सगळे त्याला '८८ दिवस' म्हणतात आणि तुरुंगातल्यासारखे भिंतीवर रेघा मारतात. त्यामुळे मॅनेजरशी कुणी वाकड्यात जात नाही.

यादीत नाव नाही. सेकंडहँड दुकानातून ८ डॉलरचे शेतातले बूट घेतले. दिसायला मजबूत. खरेदी: तांदूळ, मसूर, ओट्स, गाजरं, अंडी. ४१ डॉलर. अंड्यांची किंमत बघून छातीत धस्स झालं.

स्वयंपाकघरात 'फ्री फूड' लिहिलेलं एक फडताळ असतं. गाव सोडणारे जाताना उरलेलं तिथं ठेवतात. आज त्यात अर्धी तेलाची बाटली, मीठ, पास्ता आणि कुणाची तरी हळद मिळाली. म्हणून माझा नियम झाला की तेल-मिठावर पैसे घालायच्या आधी दोन दिवस फडताळावर नजर ठेवायची.

शनिवार, ५ जुलै

नाव नाही. क्वीन्सलंडमध्ये रिकाम्या बाटल्या-कॅन परत दिले की नगाला १० सेंट मिळतात. शुक्रवारची रात्र झालेल्या हॉस्टेलात हे खाणकामच. सकाळी दोन पिशव्या भरल्या. एक ब्रिटिश मुलगी कौतुकानं म्हणाली, "किती पर्यावरणाचं भान आहे तुला!" मी मान डोलावली.

६१ नग. ६ डॉलर १० सेंट. गुणिले ५६.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

गंमत पाहा. बंडाबर्ग म्हणजे ऑस्ट्रेलियाचं रताळ्यांचं आगर, आणि मी इथं येऊन पडले ती नेमकी आषाढीला.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर शेतकरी घरासमोर लाकडी मांडणी ठेवतात. त्यावर पिशव्या, शेजारी पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. दोन डॉलर टाकले आणि तीनेक किलोंची पिशवी उचलली. आपल्या रताळ्यांसारखी नव्हेत ही, आतून गाजरासारखी केशरी आणि बरीच ओलसर. दुकानात सुबक दिसणार नाहीत अशी वेडीवाकडी इथं येतात. उपवासाला आकार कशाला हवा!

अलेक्झांड्रा पार्क नदीकाठी आहे, आत छोटंसं प्राणिसंग्रहालय, तेही फुकट. आणि ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक बागांत असते तशी विजेची शेगडी: स्टीलचा सपाट तवा, बटण दाबलं की तापतो, पैसे नाहीत. परदेशात गरिबीनं राहणाऱ्याला या देशानं दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे असं माझं मत. रताळ्याचे काप मीठ लावून खरपूस भाजले. शेजारच्या शेगडीवर एका कुटुंबाचे सॉसेज चालले होते. त्यांच्या आजोबांनी एक पुढे केलं. मी म्हटलं, आज उपवास आहे. त्यांनी माझ्या समोरच्या ढिगाकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे काही बोलले नाहीत. एकादशी दुप्पट खाशी, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

आईला फोन केला. ती टीव्हीवर पंढरपूर लावून बसली होती. "उपवास केलास का?" "केला. दोन डॉलरमध्ये." "म्हणजे किती?" "एकशे बारा रुपये." "तीन किलो रताळ्याला? मग इथल्यापेक्षा महाग कुठं आहे?" खरंच नव्हतं. त्या फोननंतर पहिल्यांदा वाटलं, ५६ नं गुणायचं असेल तर दोन्हीकडचं गुणावं. खर्च तेवढा गुणायचा आणि मजुरी गुणायची नाही, हा कुठला हिशेब?

संध्याकाळी यादीत नाव होतं. काम: रताळी.

सोमवार, ७ जुलै

पहाटे सव्वापाच, सात-आठ अंश थंडी. एक मोठं यंत्र जमीन उकरत पुढे सरकतं, रताळी पट्ट्यावर चढतात आणि यंत्रावरच दोन्ही बाजूंना उभे राहून आम्ही आठ जण माती, वेल, फुटकी, सडकी बाजूला काढतो. साल नाजूक असते. फेकलेलं रताळं पर्यवेक्षिकेला पाठमोरी असतानाही ऐकू येतं.

नवख्या कॅज्युअल मजुराला तासाला ३०.३५ डॉलर. आजचे साडेसहा तास. आता मजुरी गुणून पाहते: तासाला सतराशे रुपये. आमच्या रानात भांगलायला येणाऱ्या बायकांची दिवसाची हजेरी ३०० आहे. हा आकडा मी दिवसभर चघळत होते.

मंगळवार, ८ जुलै

साडेसात तास. कंबर.

बुधवार, ९ जुलै

यंत्र बिघडलं, काम बंद. काल संध्याकाळीच माझ्या उजव्या बुटाचा तळ चिखलात राहिला होता आणि मी वरचा भाग घेऊन पुढे गेले होते. आठ जणांचं यंत्र माझ्यासाठी थांबलं. आज ३५ डॉलरचे नवे घेतले, म्हणजे ८ चे बूट ४३ ला पडले. शिवाय ४ डॉलरचे हातमोजे. ते पहिल्या दिवशी 'उगाच कशाला' म्हणून घेतले नव्हते आणि आता नखांच्या कडा फुटल्यात. शेतकऱ्याच्या पोरीला हे कळायला हवं होतं. आई भांगलायला जाताना दुसरं काही नसलं तरी जुन्या सॉक्सचे हातमोजे घालते.

चिंगूसपणाची आणखी एक कबुली. कामाचे दोन्ही दिवस दुपारी मी नुसते ओट्स नेत होते. काल चारच्या सुमाराला डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारच्या तैवानच्या मुलीनं न विचारता अर्धा भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला.

गुरुवार, १० जुलै

आठ तास. पण आजची नोंद स्वयंपाकघराची आहे.

संध्याकाळी सहाला चार शेगड्यांपुढे चाळीस माणसं असतात. प्रत्येकाचं वेगळं छोटं पातेलं, वेगळी तेलाची बाटली, फ्रिजमध्ये नाव लिहिलेल्या चाळीस पिशव्या, त्यांत चाळीस अर्धे कांदे कुजत पडलेले. तैवानची मुलगी, तिची मैत्रीण, एक कोरियन, एक इटालियन आणि मी एकाच खोलीत झोपतो, एकाच व्हॅननं जातो, आणि पाच वेळा पाच वाट्या भात शिजवतो. रांगेतच तासभर जातो.

मग मी त्यांना भिशी समजावली. आमच्या गल्लीत आई, आत्या आणि बाकीच्या दर महिन्याला पैसे काढतात, चिठ्ठी टाकतात, जिची निघेल तिला सगळी रक्कम. "बँक का नाही?" इटालियननं विचारलं. "बँक चहा देत नाही," मी म्हटलं. कोरियन मुलगी म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं, त्याला 'के' म्हणतात, माझी आजी करते. मग काय, बैठकच बसली.

ठरलं ते असं. दर शुक्रवारी प्रत्येकीनं २५ डॉलर डब्यात टाकायचे, एकूण १२५. त्यात सगळ्यांचा नाश्ता, दुपारचा डबा आणि रात्रीचं जेवण. स्वयंपाकाची पाळी चिठ्ठीनं, जिची पाळी ती भांडी घासणार नाही. तांदूळ दहा किलोंचं पोतं. पाव आणि चिकन रात्री दुकान बंद व्हायच्या आधी, सवलतीचे पिवळे स्टिकर लागल्यावर. रताळी आणि टोमॅटो रस्त्यावरच्या डब्यात पैसे टाकून. बाटल्यांचे १० सेंटही डब्यात. आणि आठवड्याच्या शेवटी उरेल ते चिठ्ठी निघेल तिचं.

फ्रेंच पोरांनी आत यायची विनंती केली. भांडी घासायच्या अटीवर विचार करू, असं कळवलं आहे.

शुक्रवार, ११ जुलै

सहा तास, त्यातला शेवटचा शेड झाडण्याचा. दुसरं भाडं भरलं. डब्यात २५.

शनिवार, १२ जुलै

पहिली पाळी माझी. चिकनचे पाय सगळ्यात स्वस्त असतात. कांदा-लसूण चटणी अर्ध्यापर्यंत संपली. तांबडा रस्सा म्हणण्यासारखा नव्हता, पण इटालियननं पावानं पातेलं पुसलं. कोरियन म्हणाली, तिखट कमी आहे. मला तिचं कौतुक वाटलं.

रविवार ते मंगळवार, १३ ते १५ जुलै

रविवारी झोप. बाकी रताळी.

बुधवार, १६ जुलै

पहिली पगार-पावती. गेल्या आठवड्याचे तास: २७.

माझ्या वहीत २८ होते. सोमवारी साडेसहा, मंगळवारी साडेसात, गुरुवारी आठ, शुक्रवारी सहा. शेड झाडण्याचा तास गायब होता. एक तास म्हणजे ३०.३५. संध्याकाळी पर्यवेक्षिकेला वही दाखवली. वहीत तारीख, सुरू केल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, संपल्याची वेळ, सगळं होतं. तिनं फोनवर कुणाशी तरी बोलून सांगितलं, पुढच्या पावतीत येईल. कुरकुर नाही, माफीही नाही. माझ्यासोबत झाडणाऱ्या दोघांचा तासही गेला होता, पण त्यांच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. त्यांच्यासाठी माझीच वही पुन्हा दाखवली.

आता पावती वाचू. २७ तासांचे ८१९.४५. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर, १२३ गेले. हातात ६९६.४५. वरून मालक १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीनिधी, वेगळा भरतो. देश सोडताना तो परत मागता येतो, पण या व्हिसावाल्यांच्या सुपरवर ६५ टक्के कर आहे. शंभरातले पस्तीस मिळणार. तेवढेही सोडायचे नाहीत, एवढं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

उतरल्यापासूनचा खर्च: ब्रिस्बेनच्या दोन रात्री, सिम, पेट्रोल, दोन आठवड्यांचं भाडं, अनामत, दोन जोड बूट, हातमोजे, व्हॅन, खाणं, बस. सगळे मिळून ९४० च्या आसपास. म्हणजे मी अजून एका आठवड्याच्या भाड्याइतकी खड्ड्यात आहे. खाण्यावर त्यातले ऐंशीही गेलेले नाहीत, आणि मी सगळी काटकसर तिथंच करत बसले होते. काम नसलेल्या बुधवारचं भाडं ३५ डॉलर, एवढ्यात भिशीतलं माझं आठवडाभराचं जेवण होऊन वर दहा उरतात.

गुरुवार, १७ जुलै

संध्याकाळी सहाला आईला फोन लावला. तिकडे दुपारचा दीड, रानात भांगलण चालू होती आणि बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. आईनं फोन स्पीकरवर टाकला.

"काय काम करतीस गं तिथं?" आक्कांनी विचारलं. पंधरा वर्षं आमच्या रानात येतात त्या.

"रताळी निवडते, आक्का."

"आणि हजेरी?"

सांगू की नको असं झालं. "तासाला सतराशे."

पलीकडे कुणीतरी 'अगं आई' म्हणालं. आक्का काही क्षण गप्प होत्या.

"आणि खोलीभाडं?"

"आठवड्याला पावणेचौदा हजार."

"काम नसलं तरी?"

"नसलं तरी."

भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. मग आक्कांनी विचारलं, "मुकादम कोण हाय तिथला?"